टांगेचे चार गुण

मानवतच्या जिनिंगात सरकीच्या ढिगावर बसून आम्ही भांडलो. जानेवारी २०२३, पुणे, महाराष्ट्र केसरीची उपांत्य कुस्ती. महेंद्र गायकवाडनं बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले. सिकंदर शेख हरला. मी बोंबललो, अन्याय! का? तर सिकंदरचा बाप हमाल, माझा बी हमाल.

एकजण म्हणाला, "अन् महेंद्रचा बाप हमाल असता तर?"

मी गप्प. दोस्तहो, जयभीमवाला मी, अन् जन्म बघून गुण वाटत होतो! सवाल एवढाच होता : सिकंदर पाठीवर धोक्यात आला, की नुसता कुशीवर पडला? मोबाईलवर वीसदा बघितलं. ज्याला त्याला आपलंच दिसलं.

त्याच नोव्हेंबरात सिकंदर महाराष्ट्र केसरी झाला. सगळे म्हणाले, फिटलं. कसं फिटलं? तेव्हा समोर शिवराज राक्षे होता.