एका ‘हॅव’चं अंतर

मांद्रे, पेडणे

चि. बाय,

डिचोलीहून तुझं पत्र पोचलं. गेल्या गोष्टीची हळहळ इंग्रजीत लिहिताना पेपरात गोंधळ झाला म्हणतेस. तू अभ्यासात कसूर करणारी नव्हेस; हात पुढे धावतो नि विचार मागे राहतो, एवढीच मला काळजी.

मी तुझ्याएवढा होतो तेव्हा चोपड्याला पूल नव्हता. शुक्रवारी पहाटे आई तांबड्या भाजीच्या जुड्या टोपलीत रचून म्हापशाच्या बाजाराला निघायची, आणि टोपली फेरीबोटीपर्यंत न्यायचं काम माझं. एकदा मी लोळत राहिलो, नि आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा फेरीबोट पार शिवोलीला लागत होती. ती परत येईपर्यंत ऊन चढलं, भाजीनं मान टाकली. आई रागावली नाही. तांब्यातलं पाणी तेवढं जुड्यांवर शिंपडत राहिली.

‘मी लवकर उठलो असतो, तर फेरीबोट मिळाली असती.’ मराठीत हा संकेतार्थ. इंग्रजीत, ‘इफ आय हॅड गॉट अप अर्ली, वी वुड हॅव कॉट द फेरी.’ आपल्याकडे दोन्ही बाजूंना ‘असतो’, ‘असती’ येतं, म्हणून घाईत मुलं ‘इफ’पुढेही ‘वुड’ लावतात. तिथे ‘हॅड’ नि क्रियापदाचं तिसरं रूप हवं. ‘विश’चंही तसंच: ‘आय विश आय न्यू’ म्हणजे आज ठाऊक असतं तर, ‘आय विश आय हॅड नोन’ म्हणजे तेव्हा ठाऊक असतं तर.

आता हे बघ, बाय. ‘आय शुड गेट अप अर्ली’ म्हणजे मी लवकर उठायला हवं. ‘आय शुड हॅव गॉट अप अर्ली’ म्हणजे उठायला हवं होतं. ‘हॅव’ येत नाही तोवर गोष्ट आपल्या हातात असते. तो आला की फेरीबोट सुटली.

रोज पहाटे पाठकोऱ्या कागदावर अशी पाचच वाक्यं लिही, आणि प्रत्येकापाशी थांबून विचार, ही गोष्ट आजची की गेलेली?

चवथीला येशील तेव्हा चोपड्याच्या पुलावर जाऊ. पहाटेच निघू, म्हणजे सावकाश चालता येईल.

तुझा,
आजोबा