एक दिवसाचा पंतप्रधान

स्वातंत्र्य म्हणजे नेमके काय, हा प्रश्न विचारवंतांना पडला की ते जाडजूड ग्रंथ लिहितात. आम्हां बँकेतल्या कारकुनांना पडला की आम्ही सरळ विचारतो, "सही कोणाची चालते?"

आमच्या वसईचेच घ्या. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांना इथून हाकलले. किल्ला पाहायला आलेल्या पाहुण्यांना आम्ही हे अशा थाटात सांगतो, की तटाला पहिली शिडी आम्हीच लावली असावी! पण पुढची नोंद कुणी वाचत नाही. अवघ्या ४० वर्षांनी, १७७९ च्या तहात, पेशव्यांनी त्याच पोर्तुगीजांना दमणजवळच्या काही गावांचा १२ हजार रुपये वसूल लावून दिला. वसूल घ्यायला आलेला पाहुणा घरमालक होऊन बसला. व्याज खाता खाता मुद्दलही आपलेच वाटू लागणे, हा रोग बँकेबाहेरही आढळतो.

आमच्या पालघर जिल्ह्याला लागून असलेले दादरा नगर हवेली ते हेच. ते बिऱ्हाड उठायला १९५४ चा पावसाळा उजाडला. जुलैत दादरा सुटले, २ ऑगस्टला सिल्वासा. त्या स्वारीत आपले सुधीर फडकेही होते. भावगीतांचा माणूस, पण वेळेला उभा राहिला.

गंमत पुढेच आहे. साम्राज्य गेले, तरी मुलूख लगेच भारतात आला नाही. ७ वर्षे तिथला कारभार वरिष्ठ पंचायतीच्या नावाने चालला. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेले. १९६० साली निकाल लागला, की मूळ तहाने वसूल दिला होता, मालकी नव्हे. आणि तिथे सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही. म्हणजे खाते जुळायला १८१ वर्षे लागली. तरी लोक आमच्याच काउंटरवर ओरडतात!

१९६१ साली पंचायतीने भारतात सामील व्हायचे ठरवले. आता करारावर सही कोण करणार? तेव्हा बडलानी नावाच्या आय. ए. एस. अधिकाऱ्यांना एका दिवसासाठी पंतप्रधान केले आणि त्यांनी नेहरूंबरोबर सही केली. आमच्याकडे साहेब रजेवर गेले की हेडक्लार्कला असाच चार्ज मिळतो. त्या दिवशी त्याला कुणाचीच सही जुळत नाही.

लोक यावर हसतात. मला मात्र अज्ञान मुलाचे खाते आठवते. पालक कितीही प्रेमळ असोत, मुलगा अठराचा झाला की त्यांची सही चालत नाही. मग मुलाने सगळी रक्कम पुन्हा वडिलांच्या हवाली केली तरी हरकत नाही. पण स्लिपवर सही त्याची हवी. स्वतःहून देणे आणि परस्पर काढून घेतले जाणे यांत तेवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

मन खाते ते एवढ्यासाठीच, की बडलानी हे भारतानेच धाडलेले अधिकारी. मुलखातली बहुसंख्य वस्ती आदिवासींची. वसूल लावून देताना त्यांना कुणी विचारले नव्हते. सामील होताना त्यांच्यापर्यंत किती पोचले असेल? अंगठा लावणारा खातेदार आला, की नियमाप्रमाणे कागद आधी वाचून दाखवावा लागतो : "बाबा, यात असे असे लिहिले आहे. समजले ना?"

तेव्हा आमच्या व्याख्येत एवढी भर घालायला हवी. सही कोणाची चालते हे पाहाच. पण कागद कुणाला वाचून दाखवला, हेही विचारा.