बसला म्हणजे बरोबर?

ट्रकचं डिझेल इंजिन अर्धं उघडलेलं. डिझेलने धुतलेले बोल्ट पत्र्याच्या परातीत एकत्र पडलेत. कव्हरचे, चेंबरचे, वॉटर पंपाचे, सगळ्यांची सरमिसळ झालेली. पोऱ्याने त्यातला एक उचलून मिस्त्रीच्या हातात दिला. मिस्त्रीने तो भोकाला लावला आणि बोटांनी फिरवला. एक फेरा, दोन फेरे, लोण्यात गेल्यासारखा. तिसऱ्या फेऱ्याला अडला.

बोल्टचं डोकं तेराच्या पान्यात बसतं. जाडी तीच दिसते, लांबीही तीच. मग अडतो का? आट्यांत घाण असेल, जुन्या सीलंटचा चिकटा असेल. पाना लावला तर जाईल. एअर गन लावली तर नक्कीच जाईल.

या तिसऱ्या फेऱ्यापाशी भारतीय तत्त्वज्ञानातला एक जुना वाद येऊन उभा राहतो. मिस्त्रीला त्याचं नाव ठाऊक नसेल, पण पुढच्या पाच सेकंदांत त्याला कुठल्या तरी बाजूने कौल द्यावाच लागतो. वाद असा: एखादं ज्ञान खरं आहे हे त्या ज्ञानातूनच कळतं, की बाहेरून तपासावं लागतं? मीमांसकांनी, विशेषतः सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी, पहिली बाजू घेतली. ज्ञान झालं की ते खरंच धरावं; खोटं ठरवायचं असेल तर त्याला खोडणारं दुसरं ज्ञान, म्हणजे बाधक, पुढे यायला हवं, किंवा ज्ञानाच्या साधनात दोष दिसायला हवा. हे स्वतःप्रामाण्य. नैयायिक म्हणाले, नाही. खरेपणाचा दाखला बाहेरून मिळतो. पाणी दिसलं, चालत गेलो, तहान भागली, म्हणजे ते ज्ञान खरं होतं. न्यायसूत्रांवरच्या भाष्याची सुरुवातच वात्स्यायनांनी या मुद्द्यापासून केली आहे: ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळली, यावरून ज्ञानाचा खरेपणा कळतो. हे परतःप्रामाण्य.

‘हा बोल्ट इथलाच’ हेही एक ज्ञानच. ते कशावरून खरं मानायचं?

आधी त्या अडलेल्या बोल्टचा उलगडा. भोक आठ मिलीमीटरचं आहे, आटे सव्वा मिलीमीटर अंतराने पाडलेले. हातातला बोल्ट मात्र पाच सोळांश इंची, गॅरेजच्या भाषेत अडीच सुती. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मेट्रिक मापं येऊन साठ वर्षं उलटली तरी हा शब्द हार्डवेअरच्या दुकानातून हटलेला नाही.) अडीच सूत म्हणजे 7.94 मिलीमीटर. आठमधून 0.06 गेले, हे डोळ्याला दिसणं शक्य नाही. पण या बोल्टला इंचात 18 आटे असतात, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर 1.41 मिलीमीटर. दर आट्यामागे 0.16 मिलीमीटरची चूक साठत जाते. पहिले दोन आटे ती आपल्या ढिलाईत जिरवतात. तिसऱ्याला लोखंडावर लोखंड चढतं. डोकं म्हणाल तर अर्ध्या इंचाचं, म्हणजे 12.7 मिलीमीटर, आणि तेराच्या पान्याला तेवढा फरक कळत नाही.

याच्यापेक्षा गोड बोलणारी जोडी अर्ध्या इंचाची. चार सुती अमेरिकन बोल्टचं डोकं पाऊण इंचाचं, 19.05 मिलीमीटर. बारा मिलीमीटरच्या जुन्या जर्मन मापाच्या बोल्टचं डोकं 19. पाना एकच. हा बारा मिलीमीटरचा बोल्ट चार सुती भोकात लावला तर आत शिरतो, थोडा डुगडुगतो, काही फेरे जातो आणि मग घट्ट होतो. तो घट्टपणा आवळल्याचा नसतो, अडकल्याचा असतो. हाताला मात्र दोन्ही सारखेच लागतात.

नैयायिकांकडे या चुकीला नाव आहे: अन्यथाख्याति. शिंपला पाहून चांदी वाटते ती चांदी हवेतून येत नाही. पूर्वी कुठे तरी पाहिलेली खरी चांदी आठवणीतून इथल्या शिंपल्यावर बसते. मिस्त्रीच्या बोटांत हजारो आठ मिलीमीटरच्या बोल्टांची आठवण असते. म्हणून अशी चूक नवशिक्यापेक्षा जाणत्यालाच सहज होते. नवशिक्याजवळ बसवायला चांदीच नसते.

हा घोळ आला कुठून, तर माणसांच्या मतभेदातून. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे देशभर एकसारखे आटे असावेत असा प्रस्ताव मांडला. त्यांच्या आट्याचा कोन 55 अंश. 1864 मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्स यांनी करायला सोपा म्हणून 60 अंशांचा आटा सुचवला. अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंग्रजांचे इंचात 12 आटे, अमेरिकनांचे 13. दुसऱ्या महायुद्धात एकाच बाजूने लढणाऱ्या सैन्यांना एकमेकांचे बोल्ट चालेनात, तेव्हा कुठे 1948 मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने एक आटा ठरवला. तोही इंचीच. आपल्याकडे 1954 पासून जमशेदपूरला जर्मन सहकार्याने मेट्रिक मापाचे टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले, लेलँडच्या गाड्या ब्रिटिश घराण्याच्या, आणि 1962 मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स आली ती अमेरिकन इंची इंजिनं घेऊन. एकाच गॅरेजात सकाळी टाटाचा ट्रक आणि दुपारी कमिन्सचा डंपर उघडला, तर परातीत दोन देशांचे धर्म एकत्र यायचे.

आता नैयायिकांची खरी अडचण. कृती फळल्यावर ज्ञान खरं ठरणार असेल, तर कृती करण्यापूर्वी काय? प्रत्येक बोल्ट बसवून, ट्रक हजार किलोमीटर पळवून मग ठरवायचं? त्यांनी उत्तर दिलं, आणि ते उत्तर फार व्यवहारी आहे. ओळखीच्या प्रांतात माणूस असं अनुमान करतो की हे ज्ञान पूर्वी खऱ्या ठरलेल्या ज्ञानांच्या जातीचं आहे, म्हणून हेही खरं. सगळं जग याच अनुमानावर चालतं. गॅरेज तर नक्कीच. जुना बोल्ट खिशात घालून दुकानात जायचं आणि म्हणायचं, ‘असाच द्या.’

हे अनुमान कुठे फसतं, याचा सर्वात तपशीलवार नोंदलेला दाखला ट्रकचा नाही, विमानाचा आहे. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजचं 5390 हे उड्डाण बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाकडे निघालं. 17,300 फुटांवर कॅप्टनसमोरची काच निखळून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत विमानाबाहेर खेचले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांना पायांना धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टनसह सगळे वाचले.

ती काच आदल्या दिवशीच्या रात्रपाळीत बदललेली होती. ब्रिटनच्या हवाई अपघात चौकशी शाखेने 90 बोल्टांचा हिशेब लावला. 84 बोल्ट व्यासाने 0.66 मिलीमीटर बारीक होते आणि उरलेले 6 व्यासाला बरोबर पण लांबीला आखूड. बदलणारा माणूस कामचुकार नव्हता. अनुभवी शिफ्ट मॅनेजर होता आणि मनुष्यबळ कमी म्हणून काम स्वतःच्या हाताने करत होता. त्याने जुना बोल्ट काढला आणि त्याच्या जोडीचा शोधला. भांडारातल्या माणसाने सांगितलं की या काचेला 8D या मापाचे बोल्ट लागतात. मॅनेजरच्या हातातला जुना बोल्ट 7D होता, इतकी वर्षं त्यावर काच टिकली होती, मग तोच बरोबर. 7D पुरेसे मिळाले नाहीत तेव्हा तो दुसऱ्या, मंद उजेडाच्या भांडारात गेला आणि बोटांत धरून, नजरेने जुळवून बोल्ट घेऊन आला. ते निघाले 8C, म्हणजे बारीक.

या गोष्टीत प्रमाणांची, म्हणजे ज्ञानाच्या साधनांची, काय उलटापालट झाली पाहा. शब्दप्रमाण दोनदा हजर होतं: सुट्या भागांच्या पुस्तकात 8D लिहिलेलं होतं आणि भांडारवाल्याच्या तोंडूनही तेच आलं. त्यावर प्रत्यक्षाने मात केली. प्रत्यक्ष तरी कशाचं? एका चुकीच्या बोल्टचं, जो काही वर्षं निभावून गेला होता. कृती फळली होती, पण ज्ञान खरं नव्हतं.

आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध आचार्यांनी नेमकी हीच गोम दाखवली होती. कुणी मांस भाजायला विस्तव पेटवला आहे. धूर अजून नाही, पण वासाने माश्यांचा थवा जमलाय. लांबून कुणाला तो थवा धुरासारखा दिसतो आणि तो म्हणतो, तिथे विस्तव आहे. विस्तव खरोखरच आहे. म्हणून त्याला तो कळला असं म्हणायचं का? 1963 मध्ये एडमंड गेटियर यांनी तीन पानांच्या निबंधात याच जातीचा पेच मांडला आणि पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेत खळबळ उडाली. आपल्याकडे तो अकराशे-बाराशे वर्षं पोथ्यांत पडून होता.

नजरेवर भरवसा नको, यंत्र वापरा, असं कुणी म्हणेल. टॉर्क रेंच वापरला की ‘टक्’ आवाज येतो, काम झालं. पण टॉर्क रेंच बोल्टचा ताण पाहत नाही. तो फक्त फिरवायला किती जोर लागला ते सांगतो, आणि त्या जोराचा साधारण नव्वद टक्के भाग डोक्याखालच्या व आट्यांतल्या घर्षणात जातो. ताण हा तिथे अनुमान आहे, आणि अनुमानाचा हेतू, म्हणजे त्याचा आधार, बिघडला की साध्यही बिघडतं. तळ असलेल्या आंधळ्या भोकात बोल्ट दोन मिलीमीटर लांब पडला तर तो भोकाच्या तळाला टेकतो. रेंच ‘टक्’ म्हणतो, आणि कव्हर प्रत्यक्षात दाबलेलंच नसतं. त्या भोकात तेल साचलेलं असेल तर आवळताना ते जागा शोधतं आणि ब्लॉकला चीरही पाडू शकतं. त्या विमानाच्या काचेपाशी तर विचित्रच झालं. बारीक बोल्टचे आटे आणि खऱ्या बोल्टचे आटे इंचाला सारखेच, 32. बोल्ट नटात घसरायचा आणि त्या घसरण्याचा झटका टॉर्क पेचकसाच्या ‘टक्’सारखाच हाताला लागायचा.

मग गेज आणा, पिच गेजने आटे मोजा. गेज बरोबर कशावरून? ते प्रयोगशाळेत तपासा. प्रयोगशाळेचं माप कशावरून? मीमांसकांनी नैयायिकांवर घेतलेला आक्षेप हाच, अनवस्थेचा: बाहेरचा दाखला मागत गेलात तर थांबायचं कुठे? दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी अशाच न संपणाऱ्या शंकेला दिलेलं उत्तर मिस्त्रीला पटेल असं आहे. शंका तिथपर्यंतच ताणावी, जिथे ती शंकेखोराच्या स्वतःच्या वागण्याशी भांडू लागते. धुराबद्दल कायम शंका असणारा माणूस स्वयंपाकाला चूल पेटवताना मात्र कचरत नाही. प्रत्येक बोल्टवर संशय घेणाऱ्याच्या दारातून एकही ट्रक बाहेर पडणार नाही.

गॅरेजात जिंकतं कोण? खरं तर मीमांसक जिंकतात, पण एका अटीवर, आणि ती अट त्यांच्याच शास्त्रात लिहिलेली आहे. ज्ञान खरं धरून चाला, बाधक येईपर्यंत. यातला ‘बाधक येईपर्यंत’ हा भाग लोक सोयीस्कर विसरतात. बाधकाला यायला वाट लागते. बोटांनी फिरवलेल्या बोल्टला ती वाट असते; तिसऱ्या फेऱ्यातला अडथळा हाच बाधक, आणि तो अगदी हळू आवाजात बोलतो. एअर गनला तो ऐकू येत नाही. ती अर्ध्या सेकंदात भोकाचे आटे चिरडते आणि बोल्ट ‘बसवते’. अशा मिस्त्रीचा भरवसा स्वतःप्रामाण्यावर नसतो. त्याने साक्षीदाराचं तोंड दाबलेलं असतं.

न्यायवाल्यांना हक्काची जागा तरीही उरते: हेडचे बोल्ट, मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉड. तिथे बाधक येतो तो हायवेवर, इंजिन फोडूनच. तिथे आधी पुस्तक, मग मोजमाप. डोक्यावरचा आकडाही वाचायचा: 8.8 च्या जागी 10.9 लागतो की नाही, हे कुठल्याही बोटाला कळत नाही, कारण दोघांचे आटे तेच असतात. काही इंजिनांचे हेड बोल्ट आवळताना कायमचे ताणले जातात. ते जुने असूनही नव्यासारखेच बसतात.

म्हणून ट्रकमालकाने दुकानात जुना बोल्ट जरूर न्यावा, पण ‘असाच द्या’ म्हणण्याआधी इंजिनाच्या पुस्तकातला पार्ट नंबर कागदावर लिहून घ्यावा. आणि दुकानदार वेगळा नंबर सांगू लागला, तर हातातला नमुना खाली ठेवून त्याचं ऐकून घ्यावं.