कोणत्या जन्माचं फेडतेय?

नांदेड, हिंगोली आणि उमरखेडकडची माणसं वारंगा फाट्यावर एसटी बदलायला थांबतात. खिचडीच्या हॉटेलांपुढे उतरणाऱ्या कितीतरी जणांच्या हातात दवाखान्याची फाइल, एक्स-रेचं पाकीट असतं. मी धार्मिक सप्ताहांमध्ये प्रवचन करते, म्हणून ओळखीच्या बाया शेजारी येऊन बसतात आणि विचारतात, "ताई, कोणत्या जन्माचं फेडतेय मी?" गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या माझ्या आत्यानेही हेच विचारलं होतं. वडीलधाऱ्यांनी उत्तर दिलं, मागच्या जन्मीचं पाप. ती ते मानूनच गेली. त्या उत्तराशी माझं भांडण आहे.

या कॅन्सरच्या मुळाशी जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. शरीरसंबंधातून आलेला हा विषाणू बहुतेकींच्या अंगातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या अंगात तो ठाण मांडतो, आणि त्यातून कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. लग्नानंतर शिरलेला विषाणू, आणि नातवंडं खेळवायच्या वयात अंगावरून जायला लागतं! मधला धागा कुणालाच दिसत नाही. जिथे धागा दिसत नाही तिथे आपण पूर्वजन्म घालतो.

कुष्ठरोगाचं असंच झालं. जंतू शिरल्यापासून चट्टा उमटेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. हान्सेनने तो जंतू १८७३ मध्ये दाखवला. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मात्र एकाच अध्यायात कुष्ठ पापाने होतो असंही म्हटलंय आणि स्पर्शाने, एकत्र जेवण्या-निजण्याने पसरणाऱ्या रोगांतही तो मोजलाय. समाजाने दोन्ही वाक्यं रोग्याला गावाबाहेर काढायला वापरली. म्हणून जंतू सापडला की माणूस दोषातून सुटतो, असं मी समजत नाही. एचपीव्ही संबंधातून येतो म्हटलं की बाईच्या चारित्र्याकडे बोट जातं, मग जन्मभर तिचा एकच नवरा असला तरी.

कर्मसिद्धांत मी टाकलेला नाही. कारणाशिवाय काही घडत नाही आणि फळ फार उशिरा येऊ शकतं, हे त्याचं म्हणणं मला पटतं. पण कारण म्हणजे गुन्हा नव्हे, आणि दुसरीच्या प्रारब्धाचा निवाडा करायला मला कुणी बसवलेलं नाही. माझ्या हातात आहे ते क्रियमाण, म्हणजे आत्ता करायचं कर्म.

त्याचं मोल आपल्याच मराठवाड्यात मोजलं गेलंय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने, टाटा स्मारक आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसोबत, ३० ते ५९ वर्षांच्या सव्वा लाखाहून जास्त बायांचा अभ्यास केला. कोणत्या गावांना कोणती तपासणी मिळणार हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरलं. ३४,१२६ जणींच्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली गेली. ३१,४८८ जणींचा गट नेहमीच्या सोयींवरच राहिला. २००९ मध्ये आकडे छापून आले. पहिल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, दुसऱ्यात ६४. दुसऱ्या गटाला तपासणी का दिली नाही यावर पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण मला कुणी सांगावं, चिठ्ठीत दुसरीकडे गेलेल्या गावांतल्या बायांनी मागच्या जन्मी जवळपास दुप्पट पाप केलं होतं का? संचित गावाच्या हद्दी बघून वाटलं जातं का?

माझी आत्या पापी नव्हती. तिची तपासणी झाली नव्हती.

सप्ताहाच्या मंडपात बसणाऱ्या माझ्या मायबहिणींनो, नऊ ते चौदा वर्षांच्या लेकीला या विषाणूची लस द्या. तिशी ओलांडली की स्वतःची तपासणी करून घ्या, दुखत नसलं तरी. आणि फाइल घेऊन फाट्यावर उतरलेल्या बाईला तिच्या मागच्या जन्माबद्दल काही सांगू नका. तिची पुढची गाडी कुठे लागते ते सांगा.