शंभरीतल्या भंडारदऱ्याचे पाणी किती उंच ठेवायचे?

१० डिसेंबर २०२६ रोजी भंडारदरा धरणाला शंभर वर्षे पूर्ण होतात. १९२६ साली याच तारखेला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी त्याचे उद्घाटन केले, आणि म्हणून जुन्या कागदांत ते विल्सन धरण आहे. त्याच महिन्याच्या ३० तारखेला आणखी एक मुदत भरते. धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. अस्तित्वात असलेल्या प्रत्येक मोठ्या धरणाची सर्वंकष सुरक्षा तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा पाच वर्षांच्या आत व्हावा, असे त्यात म्हटले आहे. शताब्दीचा सोहळा व्हायलाच हवा, कारण उत्तर नगर जिल्ह्याचा शंभर वर्षांचा संसार या भिंतीवर उभा आहे. पण सोहळ्याच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर सर्वांसमोर ठरले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते: यापुढे या भिंतीने किती पाणी, कोणत्या महिन्यात आणि कोणासाठी पेलायचे?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाले. त्यानंतर नेमलेल्या सिंचन आयोगाने कोरडवाहू मुलखाला संरक्षण देणाऱ्या कामांचा आग्रह धरला. रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा शेंडी गावाजवळ एका अरुंद खिंडीतून बाहेर पडते. तिथे १९१० मध्ये काम सुरू झाले. चुन्यात बांधलेल्या दगडाची सुमारे ८२ मीटर उंचीची ही भिंत त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांत गणली जात होती. सोडलेले पाणी नदीपात्रातून संगमनेर तालुक्यातल्या ओझर बंधाऱ्यापर्यंत जायचे आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे वळायचे. दुष्काळात ज्वारी वाचावी म्हणून आलेल्या या पाण्यावर पुढे ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनी आली. १९५० साली प्रवरेच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखाना निघाला आणि त्या प्रयोगाने महाराष्ट्राचे राजकारण बदलले. घाटघर, रतनवाडीचा धुवाधार पाऊस आणि खालच्या तालुक्यांतला जेमतेम पाऊस यांच्यातली तफावत या एका भिंतीने भरून काढली. हे ऋण मान्य करूनच पुढचे बोलतो आहे.

सप्टेंबर १९६९ मध्ये या भिंतीने एकदा इशारा दिलेला आहे. धरण भरलेले असताना तडे दिसले आणि गळती वाढली. त्यानंतरच्या वर्षांत खालच्या अंगाने दगडी भिंतीला जाडजूड टेकू देऊन तिला बळकटी आणली गेली. आज उद्यानात उभे राहून वर पाहिले की ते टेकू मूळ रचनेचाच भाग वाटतात, आणि पर्यटकाला त्यामागची धास्ती कळायचे काही कारण नाही. ज्या काळात हे धरण आखले गेले, त्या काळात पायातून भिंतीला वर उचलणाऱ्या पाण्याच्या दाबाचा हिशेब आजच्या इतका काटेकोरपणे होत नसे. भूकंपाचा विचारही सह्याद्रीत गांभीर्याने सुरू झाला तो डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या धक्क्यानंतर. चुन्याचे बांधकाम टिकाऊ असते, पण झिरपणारे पाणी वर्षानुवर्षे त्यातला चुना विरघळवून बाहेर नेत राहते. म्हणजे एकदा टेकू दिले की प्रश्न कायमचा मिटला, असे होत नाही.

जगात जुनी धरणे काढून टाकण्याची उदाहरणे आता बरीच आहेत. अमेरिकेत एल्व्हा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ मध्ये काढली, क्लॅमथवरची चार २०२४ पर्यंत काढली, आणि मासे पुन्हा वर चढू लागले. ती उदाहरणे आपल्याकडे सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ती धरणे मुख्यतः विजेसाठी होती. तिथे धरण काढल्यावर वीज दुसरीकडून आणता आली. भंडारदऱ्याचे ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट पाणी दुसरीकडून आणता येत नाही. पाडण्याची भाषा इथे बेजबाबदार ठरेल. आणि ‘शंभर वर्षे टिकले, आणखी शंभर टिकेल’ हे दुसऱ्या टोकाचे म्हणणेही तितकेच बेजबाबदार आहे. केरळमधले १८९५ चे मुल्लपेरियार धरण याच चुन्या-सुरखीच्या पिढीतले. त्याला पोलादी तारांनी आवळले, काँक्रीटची जोड दिली, तरी पाणीपातळी किती ठेवायची यावरून दोन राज्ये दशकानुदशके न्यायालयात भांडत राहिली. त्या सगळ्या भांडणाचा मुद्दा पातळी हाच आहे, आणि भंडारदऱ्याचाही तोच आहे.

याचे कारण साध्या गणितात आहे. भिंतीवरचा पाण्याचा एकूण रेटा खोलीच्या वर्गाने वाढतो आणि भिंत उलथवू पाहणारा जोर खोलीच्या घनाने. खोली दहा टक्क्यांनी कमी ठेवली तर रेटा सुमारे १९ टक्क्यांनी आणि उलथवणारा जोर सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. वरचे काही मीटर पाणी भिंतीला सर्वांत महाग पडते. अडचण अशी की दरी वर रुंदावत जाते, त्यामुळे सर्वांत जास्त साठाही त्याच वरच्या थरात असतो. भिंतीला जे पाणी सर्वांत जड, तेच लाभक्षेत्राला सर्वांत हवेसे. या पेचातून वाट काढणे म्हणजेच धरणाचे भवितव्य ठरवणे.

आपल्याकडे वाट काढण्याआधीच मन अडते. ‘भंडारदरा १५ ऑगस्टपूर्वी भरण्याची परंपरा कायम’ ही बातमी जिल्ह्यातल्या वाचकाने आयुष्यभर वाचलेली असते. धरण भरले की लाभक्षेत्रात समाधान, जलपूजन, पेढे. त्या आनंदाचा अनादर मला करायचा नाही. ज्याने कालव्याच्या टेलला राहून पाण्याच्या आवर्तनाची वाट पाहिली आहे, त्यालाच त्याची किंमत कळते. पण ऑगस्टच्या मध्यावर धरण काठोकाठ असणे म्हणजे पावसाळ्याचे उरलेले दीड-दोन महिने भिंतीने पूर्ण भार घेऊन उभे राहणे, आणि वरून येणाऱ्या प्रत्येक लोंढ्याला सांडव्याखेरीज जागा नसणे. तडे गेले ते सप्टेंबरमध्ये, हे इथे आठवावे. पाणी राखून ठेवायचे असते ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला. ऑगस्टमध्ये भरण्याचा अट्टहास आपण शेतीच्या गरजेपेक्षा भीतीपोटी करतो: नंतर पाऊस आलाच नाही तर?

ही भीती खोटी नाही. सप्टेंबर कोरडा गेलेली वर्षे शेतकऱ्याने पाहिली आहेत. शिवाय २०१४ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश आणि २०१६ चा उच्च न्यायालयाचा निकाल यांनंतर समन्यायी पाणीवाटप पक्के झाले आहे. खाली गेलेले पाणी मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचे झाले, ही बोच नगर-नाशिकमध्ये खोल आहे. मात्र एक गोष्ट बदलली आहे आणि तिचा पुरता अर्थ आपण अजून लावलेला नाही. भंडारदऱ्याच्या खाली प्रवरेवरच निळवंडे धरण उभे आहे. १९७० साली मंजुरी, मग जागेचे वाद, पुनर्वसन, निधी यांत पन्नास वर्षे गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले. निळवंड्याची क्षमता ८ हजार ३२० दशलक्ष घनफूट आहे. भंडारदऱ्यातून जुलै-ऑगस्टमध्ये सोडलेले पाणी आधी या धरणात येते, थेट जायकवाडीला जात नाही. म्हणजे जुन्या भिंतीला पावसाळ्याच्या मध्यात हलके ठेवून नव्या भिंतीत आधी पाणी साठवण्याची मुभा शंभर वर्षांत पहिल्यांदा मिळाली आहे. चांगल्या वर्षी दोन्ही धरणे भरून वरचे पाणी तसेही वाहून जाते, त्यामुळे या क्रमाने काही गमवावे लागत नाही. वाईट वर्षी भंडारदरा ऑगस्टमध्ये भरतच नाही. खरा धोका मधल्या वर्षांचा आहे, आणि त्या वर्षांसाठी हवामानाचा अंदाज, घाटघर-रतनवाडीचा त्या दिवसापर्यंतचा पाऊस आणि दोन्ही धरणांतला साठा यांवर आधारलेला तारीखवार नियम लागेल. किती पातळी, हे अभियंत्यांनी ठरवावे. मला आग्रह धरायचा आहे तो इतकाच की दोन्ही धरणांचा हिशेब एक मानावा, आणि वय जास्त असलेल्या धरणाला त्यात सवलत मिळावी.

निळवंडे दुसऱ्या अर्थानेही हा प्रश्न बदलते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले. ते नवे धरण होते. पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीचे काम पुरे झाले नसताना पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठले. त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासला हे जुने दगडी धरणही गेले आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. पानशेतचा घात वयाने केला नव्हता. किती पाणी अडवायचे, या निर्णयाने केला होता. आणि एकाखाली एक धरणे असली की एकाचा आराखडा दुसऱ्याशिवाय निरुपयोगी असतो. भंडारदऱ्याचा आपत्कालीन आराखडा निळवंड्याला धरूनच व्हायला हवा. अकोले, संगमनेर ही शहरे प्रवरेच्या काठावर आहेत. कोणत्या प्रसंगी पाणी किती तासांत कुठवर येईल, याचे नकाशे काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लागले पाहिजेत. लोक घाबरतील म्हणून ते कपाटात ठेवायचे, हा विचार मला मुळीच मान्य नाही. २०१९ च्या जुलैत रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले, तेव्हा गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. गावाला कळत होते, पण गावाचे ऐकून घेण्याची रीत व्यवस्थेत नव्हती.

आता धरणाच्या वरच्या अंगाकडे जाऊ. खालची बाजू बहुतेकांना ठाऊक आहे: उद्यान, पाणी सोडले की खडकावरून छत्रीसारखा उघडणारा अंब्रेला फॉल, शनिवार-रविवारची गर्दी. मेअखेर काजवे पाहायला येणाऱ्या गाड्यांची रांग जलाशयाच्या काठाने लागते. वरचा मुलूख महादेव कोळी आणि ठाकर समाजांचा आहे. १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे नियम त्याला लागू आहेत. या लोकांच्या पूर्वजांच्या दरीत पाणी भरले तेव्हा त्यांना काय विचारले गेले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. त्याच वर्षांत मुळशीला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे लढत होते. त्या लढ्याला मराठी मनात जागा मिळाली, प्रवरेच्या दरीतल्यांना ती मिळाली नाही. आजही उन्हाळ्यात पाणी खाली उतरते, काठावर चिखलाचा पट्टा राहतो आणि वरच्या वाड्यांतल्या बायका हंडे घेऊन लांबवर चालतात. ज्यांच्या डोक्यावर राज्यातला सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या पट्ट्यांपैकी एकाचा पाऊस कोसळतो, त्यांना एप्रिल-मेमध्ये प्यायला पाणी नसावे, हे या धरणाच्या शंभर वर्षांच्या हिशेबातले मोठे देणे आहे. पातळीचा नवा नियम करताना उन्हाळ्याची एक खालची मर्यादाही ठरावी. वरच्या गावांचे पिण्याचे पाणी त्या मर्यादेखाली राखीव असावे आणि त्यांच्या उपसा योजनांचा खर्च लाभक्षेत्राने उचलावा. उसाच्या एका आवर्तनाच्या तुलनेत हे पाणी अगदी थोडे आहे.

हे सगळे ठरवणार कोण? आवर्तनाची चर्चा कालवा सल्लागार समितीत होते. तिथे आमदार, अधिकारी, लाभधारक असतात, आणि वरची गावे लाभधारक नाहीत म्हणून त्यांना तिथे आवाज नाही. भिंतीची तपासणी जलसंपदा विभाग आणि नाशिकची धरण सुरक्षितता संघटना करतात, पण तो अहवाल लाभधारकाच्या हाती पडत नाही. अभयारण्य वन विभागाकडे, गर्दी पर्यटनाकडे. एकाच पाण्याची ही चार दप्तरे कधी एकत्र उघडत नाहीत. दर मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वीची तपासणी झाल्यावर, शेंडीला सर्वांनी एकत्र बसावे. तपासणीत काय आढळले, गळती गेल्या वर्षीपेक्षा किती वाढली वा घटली, हे अभियंत्याने मराठीत वाचून दाखवावे आणि जून ते ऑक्टोबरच्या पातळीचे वेळापत्रक तिथेच मांडावे. घाटघर, साम्रद, रतनवाडीचे लोक त्या बैठकीत श्रीरामपूरच्या ऊस उत्पादकाच्या शेजारी बसावेत, आणि दोघांनाही प्रश्न विचारण्याचा सारखाच अधिकार असावा. कायद्याने घातलेली मुदत पाळण्यासाठी काही कागद तयार होतीलच. ते नाशिकच्या कार्यालयात जमा होण्याआधी शेंडीला वाचले जावेत, अशी मागणी ग्रामसभांनी आणि पाणीवापर संस्थांनी आतापासूनच ठराव करून नोंदवायला हवी.