सरमेचा प्रश्न

महाभारताच्या आरंभीच एक माता न्याय मागण्यास येते, आणि ती मनुष्य नाही. राजा जनमेजय आपल्या तीन बंधूंसह कुरुक्षेत्रावर दीर्घसत्र करीत असता सरमा नामक शुनीचे पिल्लू तेथे आले. त्याने हविर्द्रव्यास तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. तरी राजबंधूंनी त्यास मारून हाकलले. पिल्लू रडत आईकडे गेले. सरमा यज्ञमंडपात आली आणि तिने एवढेच विचारले की, काही अपराध नसता माझ्या मुलास का मारले? कोणीही उत्तर दिले नाही. तेव्हा तिने शाप दिला की, न दिसणारे भय तुमच्यावर येईल. तो ऐकून एवढा मोठा राजा अस्वस्थ झाला आणि सत्र संपताच दोषनिवारणासाठी योग्य पुरोहित शोधू लागला.

त्याच ग्रंथाच्या शेवटाकडे, महाप्रस्थानिक पर्वात, धर्मराजापुढे इंद्राचा रथ उभा आहे आणि धर्मराजाच्या सोबतीस एक कुत्रा आहे. या दोन प्रसंगांच्या मध्ये भगवद्गीता आहे. तिच्या पाचव्या अध्यायातील अठराव्या श्लोकात ज्ञानी पुरुषाची समदृष्टी सांगताना भगवंतांनी विद्वान व विनयशील ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक अशी पाच नावे घेतली. गाईला आपण माता म्हणतो, हत्तीत गजाननाचे रूप पाहतो. कुत्र्याच्या नावापाशी मात्र वाचणारा क्षणभरही थांबत नाही. वस्तुतः समदृष्टीची परीक्षा तेथेच आहे. जे पूज्य मानले जाते त्यात ईश्वर पाहणे सोपे असते.

सरमेचा प्रश्न आज पुन्हा विचारण्याची वेळ आली आहे. अनेक घरांत हल्ली विशिष्ट जातीचे पिल्लू मोल देऊन आणले जाते. पिल्लू गोजिरवाणे असते. परंतु त्याची आई कोठे आहे, हा विचार फार थोड्यांच्या मनात येतो. पैदाशीचा धंदा करणारे सगळेच निर्दय असतात असे नाही. पण जेथे निर्दयता आहे तेथे ती माता अरुंद पिंजऱ्यात असते. कुत्री साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते आणि सुमारे दोन महिन्यांनी विते. लोभी मनुष्य तिला एका वेतानंतर विसावा न देता पुन्हा पुन्हा गाभण ठेवतो, पिल्ले अंगावर पीत असतानाच तोडतो, आणि ती थकली की रस्त्यावर सोडून देतो. चेहरा चपटा दिसावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढविलेल्या जातींना नीट श्वासही घेता येत नाही. बर्फाळ प्रदेशातील दाट केसांचे कुत्रे आपल्या उन्हाळ्यात धापा टाकीत दिवस काढते.

कायदा या बाबतीत मुका नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहानंतर १९६० साली प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि त्याखाली २०१७ साली श्वानपैदाशीचे स्वतंत्र नियम आले. पैदास करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे, अठरा महिन्यांच्या आत कुत्रीला गाभण ठेवू नये, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, असे त्यांत सांगितले आहे. परंतु कायद्याचा हात बंद दारापर्यंत क्वचितच पोहोचतो. विकत घेणाऱ्याचा पैसा मात्र तेथे नेमका पोहोचतो.

येथे सद्‌गृहस्थ म्हणेल की, मी तर कोणास मारले नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात प्राणिहिंसेचा दोष कोणाकोणास लागतो याची गणना आहे. तीत केवळ मारणारा नाही. संमती देणारा आहे, विकणारा आहे आणि विकत घेणाराही आहे. ते वचन मांसाविषयी आहे हे खरे. पण त्यातील न्याय व्यापक आहे. ज्याच्या द्रव्यावाचून क्रूरता चालू राहिली नसती, तो त्या क्रूरतेचा वाटेकरी होय.

याहूनही अवघड प्रश्न दयाळू मनुष्याचा आहे. दुकानातील पिंजऱ्यात एक रोगट पिल्लू कण्हत असते. ते पाहून त्याचे हृदय द्रवते आणि त्याला सोडविण्यासाठी तो मागेल ती किंमत देतो. हे पुण्य नव्हे काय? त्या पिल्लापुरते असेल. परंतु पिंजरा रिकामा झाला आणि गल्ल्यात पैसे पडले की विकणारा दुसरे पिल्लू मागवतो, आणि दूर कोठेतरी ती माता पुन्हा गाभण ठेवली जाते. गीतेचा आरंभच अर्जुनाच्या कृपेने होतो, आणि भगवंत त्या कृपेला मलिन मोह म्हणतात. समोर दिसते तेवढ्याने विरघळते आणि पुढचे पाहत नाही, ते धर्माचे कारुण्य नव्हे. बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत करुणा सांगितली आहे ती सर्व भूतांविषयी. न दिसणारी माताही त्या भूतांतच येते. म्हणून अशा वेळी पैसे देण्यापेक्षा प्राणिरक्षण संस्थेस वा अधिकाऱ्यांस कळवून तो पिंजराच बंद करविणे अधिक श्रेयस्कर होय. त्यात डोळ्यांतील पाणी लगेच सुकत नाही, म्हणून ते कठीण वाटते.

न दिसणाऱ्याची काळजी कशी घ्यावी, याचा एक धडा मराठी माणसांना आपल्याच इतिहासात सापडेल. तंजावराहून रामेश्वराकडे जाणाऱ्या यात्रामार्गावर ओरत्तनाडु नावाचे गाव आहे. तेथे तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी मुक्तांबाळ हिच्या नावाने अन्नछत्र उभारले. राज्यातील अशा छत्रांची रीत सरफोजींनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटास पत्राने कळविली होती. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत येईल त्या वाटसरूस तेथे अन्न मिळे. आजाऱ्यास औषध मिळे, आणि पोरके झालेले परके मूल पंतोजीच्या हाती सोपवून वाढविले जाई. मध्यरात्री घंटा वाजवून, अजून कोणी उपाशी असेल तर यावे, अशी हाक दिली जाई. पुढे आलेल्यास वाढणे हे दान खरेच. पण अंधारात राहिलेल्याला हाक मारणे हे त्याहून मोठे. त्याच ओरत्तनाडु गावी २०१२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जेथे वाटसरूंना औषध मिळे, तेथे आज मुक्या जीवांची चिकित्सा शिकविली जाते.

कोणी म्हणेल, शास्त्रात कुत्रा अशुचि मानला आहे. इंद्रानेही तेच सांगितले होते. युधिष्ठिराने त्यावर शौचाचा वाद घातला नाही. आश्रयास आलेल्याचा त्याग हे महापाप, एवढेच तो म्हणाला. शिवाय गृहस्थाच्या नित्य वैश्वदेवात भूतयज्ञ आहे आणि त्यात कुत्र्यासाठी अन्न ठेवण्यास मनूनेच सांगितले आहे. शौचाचे नियम ज्याने त्याने आपल्या घरी पाळावे. दयेला त्यांची आडकाठी नाही. दुसरी शंका चाव्याची व पिसाळरोगाची. ती अगदी योग्य आहे, कारण या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मनुष्य सहसा वाचत नाही. म्हणूनच आणलेल्या प्राण्यास वैद्याकडून लस टोचावी, त्याची नसबंदी करावी आणि मगच त्यास घरात मिसळू द्यावे. ज्याला जागा, वेळ वा सामर्थ्य नाही त्याने प्राणी आणूच नये. दोन महिन्यांनी टाकून देण्यापेक्षा आरंभीच न आणणे हा धर्म होय.

परंतु ज्याला श्वान पाळावयाचाच आहे, त्याने बाजाराची वाट धरू नये. टाकलेले, सोडविलेले, आळीत जन्मलेले कितीतरी जीव आश्रयाची वाट पाहत असतात. त्यांची जात सांगता येणार नाही आणि त्यांचे मोल कोणी विचारणार नाही. युधिष्ठिराने तरी आपल्या सोबत्याची जात कोठे विचारली होती? तो मागोमाग आला, एवढेच त्यास पुरेसे होते. आणि तोच साक्षात् धर्म ठरला.

जनमेजयाच्या मंडपात सरमेला उत्तर मिळाले नाही. ते उत्तर आज गृहस्थाच्या हाती आहे. ज्या घरात मोल न देता एका निराश्रित जीवास जागा मिळते, त्या घराच्या दारातून ती माता शाप न देता परत जाईल.