नऊ तासांचें अंतर

मुंबईहून लंडनला जाण्यास विमानानें किती वेळ लागतो, या प्रश्नांत नैतिक असें प्रथमदर्शनीं कांहींच दिसत नाहीं. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजलें तर या दोन नगरांमधील अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर भरतें. वाटेंत न थांबणारें विमान तें नऊ-दहा तासांत आक्रमितें. परतीच्या प्रवासांत पश्चिमेचे वारे पाठीशीं असल्यामुळें कांहीं वेळ वांचतो. (वाट नेहमींच सरळ मिळते असें नाहीं. २०१९ सालीं पाकिस्तानचें आकाश कांहीं महिने बंद होतें, तेव्हां विमानांना मोठा वळसा घ्यावा लागे.) जून १९४८ मध्यें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून निघालें, तें कैरो व जिनीव्हा येथें थांबून लंडनला पोंचलें. त्याच्या आधींचा काळ आगबोटीचा. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला होऊनही या प्रवासास दोन-तीन आठवडे लागत.

या आठवड्यांकडे वाचकांनीं जरा लक्ष द्यावें. आपल्याकडे मृताचे दिवस तेरा. विलायतेंतील मुलगा, तार मिळतांच निघाला तरी, तेराव्याला घरीं पोंचणें जवळजवळ अशक्यच होतें. त्याला कोणी दोष देत नसे. जें शक्तीबाहेरचें आहे तें कर्तव्य होऊं शकत नाहीं, हें कांटचें तत्त्व त्या काळच्या घराघरांत त्याचें नांवही न ऐकतां पाळलें जात होतें. समुद्र मुलाच्या वतीनें उत्तर देत असे. आतां ती सोय राहिली नाहीं. आतां मुलाची वाट पाहत देह शवागारांत ठेवतात, आणि जमलेले आप्त घड्याळाकडे पाहतात.

माझा धाकटा भाऊ पुष्कळ वर्षें लंडनला आहे. आईच्या शेवटच्या दुखण्यांत त्यानें दूरध्वनीवर विचारलें, “येऊं का?” ती म्हणाली, “एवढ्यासाठीं धांवपळ करूं नकोस.” त्यानें तिचा शब्द मानला आणि तो आला तो तिसऱ्या दिवशीं. मला फार राग आला. ‘नको’ म्हणणाऱ्या आईचें ‘नको’ खरें मानावें, एवढा का तो अजाण होता? परंतु न्याय करावयाचा तर माझ्याकडेही पाहिलें पाहिजे. तिच्या उशाशीं मी होतों. त्याला ‘नीघ’ म्हणून सांगणें माझ्या हातीं होतें. मीं तें केलें नाहीं.

याहून जुनी एक गोष्ट आहे. त्याला परदेशीं धाडण्यास आई राजी नव्हती. तिची समजूत मीं घातली होती: “अग, नऊ तासांचा तर प्रश्न! तूं हांक मारलीस कीं तो येईल.” तिनें संमति दिली ती या आंकड्याच्या भरंवशावर. आगबोटीच्या काळांत असें वचन कोणी देऊं शकला नसता, आणि मग तें मोडण्याचा प्रसंगही आला नसता. नऊ तासांत रजा, भाडें, मुलांची शाळा यांचा हिशेब नव्हता, हें मला त्या वेळींही ठाऊक होतें. मीं तें बोलून दाखविलें नाहीं, कारण मग तिनें त्याला जाऊं दिलें नसतें.

चौदाव्या दिवशीं तो परत गेला. दुसऱ्या दिवशीं सुखरूप पोंचल्याचा त्याचा फोन आला. आम्ही हवापाण्याविषयीं बोललों.